तांब्याच्या घरातली माणसं

७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फ्रान्स्वा अरागो यांनी लुई दागेर यांच्या शोधाची बातमी जगाला दिली. समोरचं दृश्य प्रकाशच आपल्या हाताने पत्र्यावर उमटवतो आणि ते तिथे कायमचं राहतं! दुसऱ्या दिवशी, ८ जानेवारीला, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कॉनल्सव्हिल गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचं नाव विल्यम अँड्र्यूज क्लार्क. छायाचित्रण आणि हा माणूस यांच्यात वयाचं अंतर एका रात्रीचं.

दागेरच्या चित्राचा पत्रा तांब्याचा असे आणि त्यावर चांदीचा पातळ थर चढवलेला असे. पुढे फोटो कागदावर आले, पण मासिकांत सुबक चित्र छापायचं तर ठसा पुन्हा तांब्याचाच लागे. क्लार्कची गणना मोंटानाच्या तांबेसम्राटांत झाली. मासिकांत त्याचे आणि त्याच्या मुलाबाळांचे फोटो छापून येत, तेव्हा त्यामागे कुठे ना कुठे तांबं असेच. हे लक्षात आल्यापासून त्या घराण्याचे जुने फोटो माझ्या डोक्यातून जाईनासे झाले आहेत.

हे फोटो पाहायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयाने बेन या जुन्या वृत्तसंस्थेच्या काचेच्या निगेटिव्हांचा संग्रह सगळ्यांसाठी खुला केला आहे, मोंटानाच्या इतिहास संस्थेकडे बरंच साहित्य आहे, आणि क्लार्कच्या बँकेचे जुने चेक संग्राहकांच्या बाजारात आजही फिरतात. रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की मी त्यांतलं काहीतरी उघडून बसते. एकेका चेहऱ्याशी बराच वेळ रेंगाळते.

क्लार्क स्वतः ठेंगणा आणि किडकिडीत. केस कानामागे विस्कटलेले, दाढी मिश्या भरघोस, अंगात उत्तम शिवलेला कोट. वय वाढत जातं, दाढी तांबूस होती ती पांढरी होते, टोपी उंच होत जाते, पण नजर तीच राहते. समोरच्या वस्तूची किंमत मनात ठरवून मोकळा झालेला माणूस जसा बघतो, तसा तो कॅमेऱ्याकडे बघतो. त्याला हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. त्या काळी फोटोत कोणी हसत नसे हे खरं, पण इतर लोक निदान अवघडलेले दिसतात. हा अवघडलेलाही नाही.

त्याचा वर चढण्याचा काळ मात्र बहुतेक फोटोवाचूनच गेला. १८६३ मध्ये तो मोंटानात बॅनॅकच्या सोन्याच्या शोधात आला. वाळू चाळून थोडं भांडवल जमलं आणि त्याला उमगलं की खरा पैसा सोनं खणण्यात नाही, खणणाऱ्यांना लागणारा माल विकण्यात आहे. सॉल्ट लेक सिटीहून गाड्या भरून किराणा आणायचा, अंडीसुद्धा, आणि डोंगरातल्या छावण्यांत चढ्या भावाने विकायचा. मिझूला ते वॉला वॉला टपालाचा ठेका घेतला. १८६९ मध्ये तो गावी जाऊन केट स्टॉफरशी लग्न करून आला. डीअर लॉजला सावकारी आणि बँक सुरू केली. ब्यूट गावातल्या खाणी तिथूनच त्याच्या हाती येऊ लागल्या, काही विकत घेऊन, काही कर्ज बुडाल्यावर. दगडातलं आपल्याला कळत नाही हे जाणून १८७२च्या हिवाळ्यात, तिशी ओलांडलेला हा बायकापोरांचा माणूस, न्यूयॉर्कला कोलंबियाच्या खाणशाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. त्याच्या आयुष्यातली मला मनापासून आवडणारी ही एक गोष्ट.

१८८२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ब्यूटमध्ये मार्कस डेली याच्या अ‍ॅनाकोंडा खाणीत तांब्याचा जबरदस्त साठा लागला, आणि न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. विजेला तार हवी आणि तार तांब्याची. ब्यूटच्या टेकडीवर जगभरातून माणसं आली. आयर्लंड, कॉर्नवॉल, फिनलंड, सर्बिया, इटली. त्या काळातले ब्यूटचे फोटो पाहिले की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की कुठे झाड नाही. खनिज उघड्यावर लाकडांच्या राशी रचून भाजत, आणि त्या गंधक आणि आर्सेनिकच्या धुराने गवतसुद्धा उगवत नसे. एन. ए. फोर्सिथ नावाच्या फोटोग्राफरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली स्टिरिओग्राफ चित्रं काढली. एकाच दृश्याची किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवलेली, चष्म्यासारख्या यंत्रातून पाहिलं की खोली दिसते. लोखंडी मनोरे, धुरांड्यांच्या रांगा, आणि मधल्या उघड्याबोडक्या उतारावर माणसांची घरं. १८८९ मध्ये मोंटानाच्या घटना परिषदेत क्लार्क उठून म्हणाला होता की ब्यूटच्या बायकांना हा धूर आवडतो, त्यातल्या आर्सेनिकने त्यांची कांती सुंदर होते. तो हे ठासून बोलला. फोर्सिथची चित्रं पाहताना मला हे वाक्य आठवतं आणि संताप येतो.

त्या धुरातच, ग्रॅनाइट स्ट्रीटवर, त्याने १८८०च्या दशकात ३४ खोल्यांचा विटांचा बंगला बांधला. केट आणि मुलं मात्र बराच काळ युरोपात असत. मुलांचं शिक्षण, भाषा, संगीत तिथे. म्हणजे कुटुंबाचे चांगले फोटो पॅरिसच्या स्टुडिओत निघत होते आणि त्यांचा पैसा ब्यूटच्या टेकडीखालून वर येत होता. १८९३ मध्ये केट विषमज्वराने गेली. लहान मुलगी जेसी त्याआधीच गेली होती. १८९६ मध्ये सोळा वर्षांचा पॉल गेला.

क्लार्क शोकसुद्धा इमारतींच्या रूपात करायचा. पॉलच्या नावाने ब्यूटमध्ये अनाथ मुलांसाठी घर झालं. आईच्या नावाने लॉस एंजेलिसमध्ये नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह झालं. बापाच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण या घराण्यात कुणी गेलं की त्या माणसाचं नाव एखाद्या दारावर कोरलं जायचं आणि आयुष्यभरासाठी दिसत राहायचं, हे इथे सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

त्याच्या सार्वजनिक आयुष्यातला सर्वांत बोलका कागद म्हणजे लिफाफा. तेव्हा अमेरिकेत सिनेटर निवडत ते राज्याचे आमदार. जानेवारी १८९९ मध्ये मोंटानाची राजधानी हेलेना इथे फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या आमदाराने भर सभागृहात लिफाफे आणून ठेवले. त्यांत हजार हजार डॉलरच्या नोटा होत्या, एकूण ३०,००० डॉलर, आणि क्लार्कला मत द्यायला त्या दिल्या गेल्याचं त्याने सांगितलं. तरीही क्लार्क निवडून आला. सिनेटच्या समितीने चौकशी केली, निवड अवैध ठरवायची शिफारस केली, आणि मे १९०० मध्ये त्याने स्वतःच राजीनामा दिला. गव्हर्नर राज्याबाहेर गेला असताना, त्याच्या जागी काम पाहणाऱ्या उपगव्हर्नरने रिकाम्या झालेल्या त्याच जागेवर त्याच क्लार्कची नेमणूक करून टाकली! ती टिकली नाही, पण १९०१ मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि पूर्ण सहा वर्षं बसला. सिनेटर थेट जनतेने निवडावेत अशी घटनादुरुस्ती १९१३ मध्ये झाली, तिच्यामागच्या कारणांत त्या लिफाफ्यांचा उल्लेख येतोच. या सगळ्या काळात त्याने आपल्या खाणीत आठ तासांचा दिवसही मान्य केला होता. निवडणुकीचा हिशेब त्यात होता, पण खाली उतरणाऱ्या माणसाला दोन तास आधी वर यायला मिळालं हेही तितकंच खरं.

१९०४ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट जाहीर केली. आपलं दुसरं लग्न तीन वर्षांपूर्वीच फ्रान्समध्ये झालं आहे आणि आपल्याला एक मुलगी आहे. पत्नी अ‍ॅना ला शापेल ब्यूटचीच, त्याच्याहून एकोणचाळीस वर्षांनी लहान. मुलीचं नाव आंद्रे, जन्म १९०२चा. १९०६ मध्ये पॅरिसला दुसरी मुलगी झाली, ह्युगेत. पहिल्या बायकोची मुलं तोवर मोठी झालेली, सगळीच आपल्या या नव्या आईपेक्षा वयाने मोठी. त्यांतला धाकटा विल्यम याने पुढे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद सुरू केला.

न्यूयॉर्कला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ७७ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर क्लार्कने बांधलेल्या घरात १२१ खोल्या होत्या. दगडासाठी ग्रॅनाइटची खाण घेतली, ब्राँझसाठी ओतशाळा घेतली. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या एका वाड्याचं सोनेरी दालन उचलून आणून आत बसवलं. १९११ मध्ये घर पुरं झालं. त्याचे फोटो पुष्कळ आहेत, पोस्टकार्डं आहेत, आणि लोक त्याची कुचेष्टा करत असत हेही नोंदलेलं आहे. १९२५ मध्ये क्लार्क वारला आणि १९२७ मध्ये ते घर पाडलं. सोळा वर्षं. ज्या घराच्या दगडासाठी आख्खी खाण विकत घेतली, ते आज फक्त फोटोंत आहे.

या सगळ्या पसाऱ्यात एका फोटोवर मी सर्वांत जास्त वेळ काढला आहे. तो १९१७च्या सुमाराचा, ब्यूटच्या कोलंबिया गार्डन्समधला म्हणून ओळखला जातो. म्हातारा बाप आणि त्याच्या दोन मुली. क्लार्क अठ्ठ्याहत्तरीला पोचलेला, आंद्रे पंधरा वर्षांची होत आलेली, ह्युगेत अकराची. मी पहिल्यांदा त्यांना आजोबा आणि नातीच समजले असते, इतकं ते अंतर दिसतं.

कोलंबिया गार्डन्स ही क्लार्कने ब्यूटला दिलेली सर्वांत सुंदर गोष्ट. झाडं नसलेल्या त्या गावाच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, १८९९ मध्ये त्याने ही बाग उभारली. फुलांचे ताटवे, झोपाळे, फिरता घोड्यांचा पाळणा, नाचाचं भलंमोठं सभागृह. दर गुरुवारी गावातल्या मुलांना ट्रॅमने तिथे फुकट नेत. खाणकामगारांच्या कितीतरी घरांतल्या थोड्याफार फोटोंपैकी एखादा तरी त्या बागेतला असतो, कारण चांगले कपडे घालून हिरवळीवर उभं राहावं अशी दुसरी जागाच गावात नव्हती. म्हणजे मालकाच्या मुलींचा फोटो आणि मजुराच्या मुलींचा फोटो एकाच पार्श्वभूमीवर निघालेला. अशी जागा त्या काळात फार थोड्या खाणगावांत असेल.

आता त्याच १९१७चा ८ जूनचा दिवस. ब्यूटच्या ग्रॅनाइट माउंटन खाणीत आगीपासून संरक्षण म्हणून पाणी शिंपडणारी यंत्रणा बसवायची होती, आणि त्यासाठी विजेची जाड केबल खाली सोडत होते. केबल निसटून खोल कोसळली. तिची पाहणी करायला उतरलेल्या माणसाच्या कार्बाइडच्या दिव्याची ज्योत तेलात भिजलेल्या आवरणाला लागली. हवा आत घेणारी खाणीची उभी विहीरच पेटली आणि धूर शेजारच्या स्पेक्युलेटर खाणीच्या बोगद्यांत पसरला. १६८ माणसं मेली, बहुतेक गुदमरून. ही खाण क्लार्कची नव्हती, नॉर्थ ब्यूट कंपनीची होती. क्लार्कने आपल्या बहुतेक खाणी तोवर विकल्या होत्या, एल्म ऑर्लू तेवढी ठेवली होती. तरी टेकडी तीच, तांबं तेच.

मॅनस ड्यूगन नावाच्या कामगाराने खाली सापडलेल्या माणसांना एका आंधळ्या बोगद्यात नेलं, आणि लाकूड, कापड, अंगातले कपडे, चिखल जे मिळेल ते लावून तोंड बंद केलं, म्हणजे धूर आत येणार नाही. ते दीड दिवस तिथे होते. त्यांतले पंचवीस जण जिवंत बाहेर आले. ड्यूगन आला नाही. आत बसून त्याने बायकोला चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. तुझ्यापासून असं एकाएकी तुटताना जीव तुटतो, पण मरण आलंच तर झोपेत येईल, त्रास होणार नाही, असा एकीचा आशय. बायको गरोदर होती. दुसऱ्या एका बोगद्यात जेम्स मूर नावाच्या पाळीच्या मुकादमाने वेळ टाकत टाकत वहीत लिहिलं. माणसांना बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण धुराने जमलं नाही. इथे एक तरुण पोरगा आहे, त्याला बायको आहे, दोन लहान मुलं आहेत. तिला सांगा, आम्ही जमेल ते सगळं केलं, पत्तेच आमच्या विरुद्ध पडले.

या चिठ्ठ्या मी एका संध्याकाळी वाचल्या आणि नंतर कितीतरी दिवस क्लार्कच्या घरचे फोटो उघडले नाहीत.

कागद टिकतो कुणाचा? ज्याच्याकडे ठेवायला जागा आहे त्याचा. १२१ खोल्यांच्या घरात नाताळची कार्डं, नाचाच्या कार्यक्रमपत्रिका, मुलींच्या चित्रकलेच्या वह्या, शिंप्याची बिलं, सगळं राहतं, कारण टाकून द्यायचं कारणच पडत नाही. ब्यूटचा खाणकामगार भाड्याच्या खानावळीत राहायचा, आणि रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच गरम अंथरुणावर दिवसपाळीचा येऊन पडायचा. त्याने पत्रं ठेवायची कुठे? म्हणून त्याचं लिहिलेलं आपल्यापर्यंत आलं ते मरताना लिहिलेलं. ड्यूगन सुखरूप वर आला असता तर त्या चिठ्ठ्या त्याने स्वतःच फाडून टाकल्या असत्या, आणि आपल्याला त्याचं अक्षर कधी दिसलं नसतं. हा विचार मला सहन होत नाही, पण तो खरा आहे. आपल्याकडेही पत्र्याच्या ट्रंकेतले फोटो दोन पिढ्या उलटल्या की असेच बेवारस होतात, मागे नाव लिहिलेलं नसतं आणि ओळखणारी शेवटची आजी गेलेली असते. पण निदान ट्रंक असते.

बागेतल्या त्या फोटोनंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट १९१९ मध्ये, आंद्रे मेन राज्यातल्या रेंजली तलावांकडे सुटीला गेली असताना मेंदूज्वराने गेली. सतरावा वाढदिवस काही दिवसांवर होता. ती गर्ल स्काउट होती आणि त्यात फार रमली होती. क्लार्कने पुन्हा तेच केलं, जे त्याला येत होतं. न्यूयॉर्कजवळ ब्रायरक्लिफ मॅनर इथे १३५ एकर जमीन गर्ल स्काउटांना दिली, आणि तिथल्या शिबिराला आंद्रेचं नाव लागलं. १९२८ मध्ये ह्युगेतनेही बहिणीसाठी पैसे दिले. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला त्यांच्या समुद्राकाठच्या घराशेजारी एक दलदलीची जागा होती. तिचं पक्ष्यांसाठी तळं झालं. ते आंद्रे क्लार्क पक्षी आसरा या नावाने आजही आहे.

ह्युगेतची गोष्ट वर्तमानपत्रांनी भरपूर सांगितली आहे आणि बहुतेकांनी ती विक्षिप्त म्हातारीची गोष्ट म्हणून सांगितली. मला ते अजिबात पटत नाही.

तिचं लहानपण कॅमेऱ्यासमोर गेलं. ईस्टरला बाप मुलींना फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर फिरायला नेई, तर वृत्तसंस्थांचे फोटोग्राफर टपलेले. लग्न झालं ते बातमीत, १९२८ मध्ये, आणि मोडलं तेही बातमीत. १९३० मध्ये रेनोला घटस्फोट झाला तेव्हाचा तिचा फोटो आहे, फरचा कोट, टोपी, खाली झुकलेली पण सावध नजर. त्यानंतर वर्तमानपत्रांना ती मिळाली नाही. २०१० मध्ये तिच्या रिकाम्या घरांची बातमी फुटली, तेव्हाही छापायला त्यांच्याकडे ऐंशी वर्षांपूर्वीचेच फोटो होते. ती तेव्हा शंभरी ओलांडलेली होती आणि गेली जवळजवळ वीस वर्षं न्यूयॉर्कच्या रुग्णालयांतल्या साध्या खोल्यांत राहत होती.

तिची घरं रिकामी होती, पण ओसाड नव्हती. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर मिळून ४२ खोल्यांचे तीन फ्लॅट, बाहुल्यांनी आणि पुस्तकांनी भरलेले. कनेटिकटमध्ये एक वाडा, ज्यात ती कधी राहिलीच नाही. आणि सांता बार्बराचं ते समुद्राकाठचं घर, बेलोसगार्दो. तिथे आई अ‍ॅना १९६३ मध्ये गेल्यानंतर ह्युगेतचं पाऊल पडलं नाही, पण नोकरांना सूचना होती की सगळं जसंच्या तसं राहू द्यायचं. गॅरेजमध्ये १९३३ची कॅडिलॅक आणि १९३३ची क्रायस्लर होती, नंबरपाट्या १९४९च्या.

ह्युगेत चित्रं काढायची. १९२९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनात तिची चित्रं लागली होती, त्याच दालनात ज्याला तिच्या बापाचा कलासंग्रह मिळाला होता. तिला फोटो काढायचा नाद होता आणि कॅमेरे ती हौसेने घ्यायची. बाहुल्यांची घरं ती जपानमधल्या कारागिरांकडून करवून घ्यायची आणि दाराची उंची, पडद्याचा रंग, सगळ्याची बारीक चौकशी करायची. म्हणजे बघणं तिने सोडलं नव्हतं. तिने फक्त दिसणं सोडलं. ज्या घराण्यात बापाने लोकांनी बघावं म्हणून १२१ खोल्या बांधल्या, मेलेल्या मुलांची नावं दारांवर लावली, त्या घराण्यात आपला चेहरा कुणाच्या हाती जाईल हे स्वतः ठरवणारी ही पहिली व्यक्ती. मला तिच्यात भित्रेपणा दिसत नाही. मला तिच्यात कमालीचा ठामपणा दिसतो. पैसा होता म्हणून ते जमलं, हे उघड आहे. ब्यूटमधल्या विधवेला असा पर्याय नव्हता. अपघातानंतर तिच्या नवऱ्याची चिठ्ठी सगळ्यांनी वाचली.

२४ मे २०११ रोजी ह्युगेत गेली. मृत्युपत्रावरून वाद झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली, बेलोसगार्दो कलांसाठीच्या प्रतिष्ठानाकडे गेलं. दागिने, चित्रं, पुस्तकं लिलावांत विखुरली. कॉर्कोरन कलादालनही २०१४ मध्ये बंद पडलं. आणि तिचे खाजगी फोटो, बाहुल्यांच्या पत्रव्यवहाराचे कागद, हे सगळं आता आपण पाहू शकतो. तिने जन्मभर जे टाळलं तेच मीही करते आहे, या फोटोंकडे बघत बसते, हे मला टोचतं. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. ती लोकांसमोर असतानाचे फोटो बघायचे, आणि नंतरच्या खोल्यांचे बघायचे नाहीत. मृत माणसाच्या कपाटात डोकवायला इतिहासाचं कारण पुरत नाही असं मला वाटतं. ज्यांना पुरतं त्यांच्याशी माझं भांडण नाही.

त्या बागेतल्या फोटोची जमीन मात्र मी पाहून आले. म्हणजे तिथे आता जमीन नाही. क्लार्कच्या मृत्यूनंतर १९२८ मध्ये बाग अ‍ॅनाकोंडा कंपनीकडे गेली. १९५५ पासून ब्यूटमध्ये उघड्या खाणीचं खोदकाम सुरू झालं होतं, खालून बोगदे काढण्याऐवजी वरूनच डोंगर पोखरायचा. १९७३ मध्ये कंपनीने खाण वाढवायला म्हणून बाग बंद केली, आणि त्याच वर्षी तिथल्या जुन्या लाकडी इमारतींना आग लागली. बागेखालीही तांबं होतं. आंद्रे आणि ह्युगेत जिथे उभ्या होत्या, आणि गुरुवारी ट्रॅमने येणारी ती सगळी मुलं जिथे पळत होती, तो उतार खणून नेला आहे. जुनी बर्कली खाण त्याच्याजवळच. १९८२ मध्ये तिचे पंप बंद केले आणि ती आम्लाच्या पाण्याने भरत गेली. काठावरून बघताना ते पाणी तांबूस काळं दिसतं. गावातली साठीच्या पुढची कोणतीही व्यक्ती कोलंबिया गार्डन्सबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. मला तिथे खानावळीत भेटलेल्या एका बाईंनी बागेतल्या फुलांच्या ताटव्यांचा आकार टेबलावर बोटाने काढून दाखवला. बंद झाली तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या.

ब्यूटचं सार्वजनिक अभिलेखागार क्वार्ट्झ स्ट्रीटवर १९००च्या जुन्या अग्निशमन केंद्रात आहे. तिथे गावाच्या निर्देशिका आहेत, वर्षावार. प्रत्येक नावापुढे धंदा आणि पत्ता. पानंच्या पानं एकच धंदा, खाणकामगार, आणि पत्ते त्याच त्या चार खानावळींचे. फोटो नाही, अक्षर नाही, फक्त एक ओळ. पुढच्या वर्षीच्या खंडात ते नाव कधी असतं, कधी नसतं. देशोदेशीचे लोक पणजोबांचा शोध घेत तिथे येतात, आणि तिथली माणसं त्यांना फार आस्थेने मदत करतात.

बेलोसगार्दो ज्यांच्याकडे आहे त्यांना माझी एक विनंती असती. दिवाणखान्यात क्लार्क कुटुंबाची तैलचित्रं लावलेली आहेत, ती राहू द्या. पण त्यांच्याच ओळीत, त्याच उंचीवर, मॅनस ड्यूगनच्या चिठ्ठीची एक प्रत आणि ब्यूटच्या निर्देशिकेचं एक पान चौकटीत घालून लावा. स्पष्टीकरणाची पाटी नको.

ब्यूटमध्ये तेवढं करावं लागत नाही, कारण सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्लार्कचा ३४ खोल्यांचा बंगला अजून उभा आहे, अभिलेखागारापासून काही मिनिटांवर. कुणी त्या बाजूला गेलात तर सकाळी आधी अभिलेखागारात जा, १९१७चा खंड मागून घ्या, डी या अक्षराखाली ड्यूगनचं नाव शोधा. बंगला त्यानंतर बघा.